गोळी काढून घेण्याआधी माणसाला न घाबरता हलू द्या

कंबरदुखी, गुडघेदुखी किंवा मानेच्या दुखण्यासाठी महिनोन्‌महिने ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेणारे पेशंट माझ्याकडे येतात. मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. घरचे त्यांना म्हणतात, ‘सवय लागलीय तुला, बंद कर आता.’ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ असते, ‘फिजिओथेरपी करा.’ ती ओळ बरोबरच आहे, पण अर्धी आहे. मनाचं लक्ष कुठे ठेवायचं हे कुणीच शिकवत नाही. आणि ते शिकल्याशिवाय या पेशंटच्या व्यायामाचा उपयोग फार थोडा होतो, असं माझं ठाम मत झालंय.

नेहमी काय घडतं ते सांगते. पेशंट गोळी घेऊनच घरून निघतो. ‘मॅडम, आज नुसतं मशीनच लावा.’ मग करंट लावायचा, शेक द्यायचा, तोवर तो मोबाइल बघत पडून राहणार. शेवटी उरलेल्या वेळात व्यायाम. श्वास रोखलेला, दात आवळलेले, दहा मोजून झाले की सुटलो! स्नायूंना थोडं काम मिळतं, पण मन मात्र उलटाच धडा घेतं: हालचाल धोक्याची होती, गोळी होती म्हणून निभावलं. पुढच्या वेळी गोळी आणखी लवकर घेतली जाते.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्यात बऱ्याचदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असते. साध्या वाकण्यालाही ती धोक्याचा इशारा देते. वेदना खरीच असते, ‘मनाचे खेळ’ म्हणून तिला उडवून लावणं हा पेशंटवर अन्याय आहे. अफूच्या जातीची औषधं हा इशारा काही तास दाबतात. पण शरीर त्यांना सरावतं, तेवढाच आराम मिळायला डोस वाढवावा लागतो, आणि काही जणांत तर वेदनेची जाणीवच तीव्र होत जाते. बद्धकोष्ठता, गुंगी आणि म्हाताऱ्या माणसांचं तोल जाऊन पडणं हे वेगळंच.

अमेरिकेने याची फार मोठी किंमत मोजली. तिथे जुनाट कंबरदुखी किंवा गुडघे-खुब्यांच्या झिजेचं दुखणं असलेल्या २४० माजी सैनिकांचा वर्षभर अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. अफूवर्गीय औषधं घेणाऱ्यांची रोजची कामं इतर वेदनाशामकं घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली नाहीत. पण तोवर लाखो लोक या गोळ्यांवर होते, आणि अनेकांच्या गोळ्या एकदम तोडल्या गेल्या. त्यातूनही माणसं उद्ध्वस्त झाली. म्हणून तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ च्या सूचनांत सांगितलं की वर्षभराहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्यांचा डोस महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही हळू कमी करावा.

अमेरिकेतल्याच युटा विद्यापीठात एरिक गारलंड या संशोधकांनी जुनाट दुखण्यासाठी अशा गोळ्या घेऊन त्यांचा गैरवापर करणाऱ्या २५० पेशंटचे दोन गट केले आणि एका गटासाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे आत्ता काय जाणवतंय ते शांतपणे पाहायला शिकवणारा, कार्यक्रम राबवला. नऊ महिन्यांनंतर त्या गटातल्या ४५ टक्के लोकांचा गोळ्यांचा गैरवापर थांबला होता. ज्यांना नुसता गटात बोलण्याचा आधार मिळाला, त्या दुसऱ्या गटात हे प्रमाण २४ टक्के होतं. त्या कार्यक्रमातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोळी घेण्याआधी तीन मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि पाहायचं, आत्ता दुखतंय की गोळीची ओढ लागलीय? दुखत असेल तर गोळी घ्यायची. कुणी रागावत नाही, कुणी हिसकावून घेत नाही.

आपल्याकडे इगतपुरीचं नाव घेतलं की विपश्यना आठवते. सत्यनारायण गोयंका तिकडे वळले त्याचं कारण किती जणांना ठाऊक आहे? ब्रह्मदेशात त्यांना भयंकर मायग्रेन होता, त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यांचं व्यसन लागेल अशी भीती डॉक्टरांनाच वाटू लागली होती. १९५५ मध्ये ते विपश्यना शिकवणारे ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ आजार बरा करायला येणार असाल तर येऊ नका, असं गुरूंनी आधी त्यांना बजावलं होतं. म्हणूनच पाठदुखीच्या पेशंटला मी ‘विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जाऊन ये’ असं सरसकट सांगत नाही. तासभर न हलता बसणं त्याला झेपेलच असं नाही, आणि तिकडे जायचं म्हणून मनानेच गोळ्या बंद केल्या तर घाम, जुलाब, अस्वस्थता, झोप उडणं आणि दुपटीने वाढलेलं दुखणं असे हाल होतात.

मला हवीय ती सजगता व्यायामाच्या आतच. खुर्चीतून उठायचंय. आधी दोन श्वास, तळपाय जमिनीवर कसे टेकलेत ते जाणवू द्या. आता हळूच पुढे वाका. कंबरेत काय होतंय? ‘दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका. जळतंय, ताणतंय, की टोचतंय? किती जागेत? श्वास सोडताना बदलतंय का? बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं की दुखणं सतत एकसारखं नसतं, आणि अर्धा ताण तर ‘आता चमक भरेल’ या भीतीने जबडा आणि खांदे आवळल्यामुळे असतो. उठणं तेच, पण या वेळी मेंदूला वेगळी बातमी मिळते. असं रोज थोडं थोडं झालं की गोळी कमी करायची बोलणी सुरू करता येतात. ती पेशंटने स्वतः मागितलेली असावीत आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावीत.

कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांनी मात्र यातलं काहीही वाचून मॉर्फिनला नाही म्हणू नये. तिथे ते औषध वेळेवर आणि पुरेसं मिळालंच पाहिजे. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून आपल्या देशात २०१४ साली कायदा बदलावा लागला, इतकी आबाळ होत होती.

माझ्या फिजिओ मित्रमैत्रिणींनो, पहिल्याच भेटीत पेशंटला विचारा की कोणती गोळी घेता, किती, आणि व्यायामाच्या किती वेळ आधी. आणि पेशंट मंडळींनो, येताना गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. लाजू नका, आम्ही रागावणार नाही.