आघातभान म्हणजे चोचले? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

रुग्णालये, निवारागृहे, समुपदेशन केंद्रे आणि समाजसेवी संस्था यांत काम करणाऱ्यांच्या गटांतून सध्या ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअरवर, म्हणजे समोरच्या कोणाच्याही आयुष्यात मानसिक आघात होऊन गेलेला असू शकतो हे धरून सेवा आखण्याच्या पद्धतीवर, टीका करणारा एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर हे साध्या माणुसकीला दिलेले भारदस्त नाव आहे. खरा आघात मोजक्यांनाच झालेला असतो. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. बाकी प्रत्येकाच्या बालपणीच्या जखमा उकरत बसायला कोणाकडे वेळ नाही. या चोचल्यांपायी शिस्त सुटते आणि मार कर्मचाऱ्यांना खावा लागतो. शिवाय याला पुरावा काहीच नाही. एक दिवसाचे प्रशिक्षण आणि भिंतीवर एक पोस्टर, एवढेच त्याचे फलित.’ लिहिणाऱ्याने या क्षेत्रात काम केलेले आहे हे त्याच्या वैतागावरून कळते, आणि शेवटच्या वाक्यातला वैताग तर मलाही मान्य आहे. त्याआधीची विधाने मात्र एकेक करून तपासायला हवीत, कारण ती वाचून एखाद्या संस्थेचे व्यवस्थापन हा विषयच बासनात गुंडाळून ठेवू शकते.

माणुसकीपासून सुरुवात करू. माणुसकी व्यक्तीची असते आणि म्हणूनच ती पाळीगणिक बदलते. दिवसपाळीची परिचारिका मायाळू आणि रात्रपाळीची तुटक असली, तर त्याच खाटेवरच्या रुग्णाला बारा तासांत दोन वेगळ्या संस्था भेटतात. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर, ज्याला मी येथे सोयीसाठी आघातभान म्हणतो, हा व्यक्तीच्या स्वभावाचा प्रश्न नसून संस्थेच्या नियमांचा, अर्जांचा, खोल्यांचा आणि खर्चाचा प्रश्न आहे. मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हाच तिचा रोख सेवायंत्रणेच्या रचनेवर होता, आणि सुरक्षितता, विश्वासार्हता, निवडीचा अधिकार, सहकार्य व सक्षमीकरण ही पाच तत्त्वे त्यांनी त्या रचनेसाठी सांगितली. व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम पाहणाऱ्या, अमेरिकेच्या साम्सा या सरकारी यंत्रणेने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अंमलबजावणीची दहा क्षेत्रे आहेत. त्यांत नेतृत्व, धोरण, इमारतीची रचना, मनुष्यबळ, वित्तपुरवठा आणि मूल्यमापन येते. माणुसकीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही. याच्यासाठी करावी लागते.

फरक नेमका कुठे पडतो ते नोंदणीच्या खिडकीपाशी उभे राहून पाहता येते. एक बाई हाताला लागलेले दाखवायला आली आहे. काचेपलीकडचा लिपिक अर्जातला रकाना वाचतो, ‘दुखापत कशी झाली? कोणी मारले का?’, आणि काचेतून ऐकू जावे म्हणून आवाज चढवतो. मागे रांगेत सात-आठ माणसे उभी आहेत. बाई म्हणते, ‘पडले.’ लिपिक ‘पडून इजा’ असे लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. हा लिपिक दुष्ट नाही, कदाचित अतिशय सज्जनही असेल. पण तो रकाना त्या खिडकीवर कोणी ठेवला, हा प्रश्न त्याच्या सज्जनपणाने सुटत नाही. तो प्रश्न आतल्या खोलीत, दार लावून, सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून आणि ‘हे का विचारतो आहोत, उत्तर कोण वाचेल’ हे आधी सांगून विचारायचा, असे ठरवणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. तपासणीच्या टेबलावरही तेच. पाठीमागून येऊन ‘सरळ झोपा, कपडा वर घ्या’ म्हणणे आणि समोर उभे राहून ‘आता पोटावर हात ठेवणार आहे, थांबायचे असेल तेव्हा हात वर करा, मी थांबेन’ म्हणणे, यांत वेळेचा फरक काही सेकंदांचा असतो. वेळ नसल्याच्या तक्रारीला यापेक्षा लांब उत्तर मला आवश्यक वाटत नाही, कारण अर्धवट तपासणी सोडून निघून गेलेल्या रुग्णाची तीच तपासणी पुन्हा करण्यात जाणारा वेळ कोणी मोजतच नाही.

‘आघात मोजक्यांनाच झालेला असतो’ हे विधान आकड्यांपुढे टिकत नाही. जागतिक मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत चोवीस देशांतील सुमारे ६९,००० प्रौढांना विचारले असता जवळपास ७० टक्क्यांनी आयुष्यात किमान एक आघातकारक प्रसंग अनुभवल्याचे सांगितले. सॅन दिएगो येथे कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट आंडा यांनी केलेल्या, १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या अभ्यासात १७,००० हून अधिक लोक होते. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी बालपणीचा किमान एक प्रतिकूल अनुभव (मारहाण, हेळसांड, घरातली हिंसा यांसारखा) सांगितला, तर आठांतील एकाने चार किंवा अधिक. ही माणसे आरोग्यविमा असलेली आणि नियमित तपासणीसाठी आलेली होती, हे विसरून चालणार नाही.

याच ठिकाणी मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच जागतिक सर्वेक्षणांत पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, आयुष्यात कधीतरी झालेल्यांचे प्रमाण केवळ ४ टक्क्यांच्या आसपास निघाले. आघात अनुभवलेल्या बहुसंख्यांना मानसोपचाराची गरज नसते, हे खरे आहे. पण मग ‘तज्ज्ञाकडे पाठवा’ हा उपाय कोणासाठी आहे? ज्यांना विकार नाही, पण पाठीमागून स्पर्श झाला की अंग आखडते, बंद दाराआड श्वास अडकतो, गणवेशातला माणूस पाहून बोलणे थांबते, ती माणसे दंतवैद्याच्या खुर्चीत, प्रसूतिकक्षात आणि अनुदानाच्या अर्जाच्या खिडकीवरच भेटणार. रक्तातून पसरणारा संसर्ग चेहऱ्यावर दिसत नाही म्हणून आपण प्रत्येकाचे रक्त घेताना हातमोजे घालतो. कोणाला घालायचे आणि कोणाला नाही याची निवड करत बसत नाही. आघातभानाचा व्यवहार असाच आहे.

आणि म्हणूनच जखमा उकरण्याचा आक्षेप उलटा लागतो. प्रत्येकाशी एकाच काळजीने वागायचे ठरवले, की कोणाचा इतिहास काय आहे हे जाणण्याची निकड कमी होते. साम्साच्या मार्गदर्शनात आघाताचा व्यापक परिणाम समजून घेणे, त्याची लक्षणे ओळखणे आणि त्यानुसार धोरण व कामकाज घडवणे यांबरोबर चौथी अपेक्षा आहे ती सेवेतूनच पुन्हा आघात होऊ न देण्याची. काही संस्थांनी मात्र बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची दहा प्रश्नांची यादी नोंदणीच्या अर्जाला सरळ जोडून टाकली आणि उत्तरांचे काय करायचे हे ठरवलेच नाही. मजकुरातला राग या प्रकारावर असेल तर तो रास्त आहे. ज्यांच्या अभ्यासातून ती यादी आली त्या आंडा यांनीच २०२० मध्ये सहलेखकांसह लिहिले की लोकसमूहाच्या अभ्यासासाठी बनवलेला, यादीतल्या ‘हो’ उत्तरांच्या बेरजेचा हा गुणांक एकेका व्यक्तीच्या चाळणीसाठी वापरणे चुकीचे आहे. आघातानंतर लगेच एका बैठकीत माणसाकडून सगळे वदवून घेण्याच्या पद्धतीचा, उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्याने तपास केला, तेव्हाही लाभ दिसला नाही, उलट अपायाची शक्यता दिसली.

शिस्तीचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, कारण त्यामागे मार खाल्लेल्या कर्मचाऱ्यांचा खरा अनुभव असतो. पण ‘शिस्त’ या शब्दाखाली मनोरुग्णालयांत काय चालत आले ते पाहू: रुग्णाला पट्ट्यांनी बांधणे आणि एकट्याला खोलीत कोंडणे. १९९८ मध्ये हार्टफर्ड कूरंट या वृत्तपत्राने अमेरिकेत दहा वर्षांत बांधून किंवा कोंडून ठेवताना झालेल्या १४२ मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. त्याच काळात पेनसिल्वेनियाच्या राज्य रुग्णालयांनी हे प्रमाण मुद्दाम खाली आणले: १९९० ते २००० या काळात दर हजार रुग्णदिवसांमागे (एका रुग्णाचा एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस) कोंडण्याचे प्रसंग ४.२ वरून ०.३ वर आले आणि बांधण्याचे ३.५ वरून १.२ वर. कर्मचाऱ्यांच्या दुखापती मात्र १९९८ ते २००० या तपासलेल्या वर्षांत लक्षणीय बदलल्या नाहीत. या मोहिमेवर ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ असा शिक्का नव्हता आणि तिच्या यशात नवीन औषधांचाही वाटा होता, हे नोंदवून ठेवतो. पण वरिष्ठांचे नेतृत्व, आकडे उघड करणे, धोरणातले बदल आणि प्रसंग हाताळणारी प्रशिक्षित पथके ही तिची साधने आघातभानाचीच आहेत. फिनलंडमधील अतिसुरक्षित मनोरुग्ण कक्षांत अशाच उपायांची यादृच्छिक चाचणी, म्हणजे उपाय कोणत्या कक्षांत राबवायचे हे सोडतीने ठरवणारी चाचणी, झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. उपाय राबवलेल्या कक्षांत बंधनाखाली गेलेल्या रुग्णदिवसांचे प्रमाण ३० वरून १५ टक्क्यांवर आले, तुलनेच्या कक्षांत २५ वरून १९ वर, आणि हिंसा वाढली नाही. ते कक्ष हिंसक इतिहास असलेल्या पुरुष रुग्णांचे होते. ‘आमच्याकडचे रुग्ण वेगळे आहेत’ असे म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

पुराव्याबाबत मी बचावात्मक होणार नाही. कर्मचारी-प्रशिक्षणाचा समावेश असलेल्या संस्थात्मक उपक्रमांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक पद्धतशीर आढावा २३ अभ्यासांचा होता. कर्मचाऱ्यांचे ज्ञान आणि दृष्टिकोन सुधारल्याचे त्यांत दिसते, परंतु बरेच अभ्यास तुलनागट नसलेले, आधी-नंतरच्या मोजणीचे आहेत आणि सेवा घेणाऱ्यांच्या प्रकृतीत काय फरक पडला हे फार थोड्यांनी तपासले आहे. हा पुरावा कच्चा आहे. कच्चा म्हणजे शून्य नव्हे, आणि संपूर्ण संस्था बदलण्याची चाचणी एखाद्या गोळीसारखी घेता येत नाही. तरीही या नावाखाली जो कोणी हमखास परिणामाची जाहिरात करतो, त्याच्याकडे संशयाने पाहावे.

राहिले एक दिवसाचे प्रशिक्षण आणि पोस्टर. येथे माझा विरोध नाही. सकाळी ‘सुरक्षितता’ या विषयावर भाषण ऐकलेल्या परिचारिकेला संध्याकाळी सलग दुसऱ्या पाळीसाठी थांबवून घेणारी संस्था त्या भाषणाचे पैसे वाया घालवते. रोज इतरांच्या यातना ऐकणाऱ्या कर्मचाऱ्यांवरही आघाताचा परिणाम होतो, त्यांना नियमित पर्यवेक्षण आणि बोलायची जागा लागते, आणि ही तरतूद नसेल तर बाकीची तत्त्वे पहिल्या वर्दळीच्या दिवशीच कोलमडतात. त्यामुळे एखादी संस्था स्वतःला आघातभान असलेली म्हणवत असेल, तर तिच्या भिंती पाहू नयेत. सलग तीन भेटी चुकवणाऱ्याला ती जे पत्र पाठवते ते मागून घ्यावे. ‘आपण सहकार्य करत नसल्याने आपले नाव कमी करण्यात येत आहे’ असा मजकूर त्यात असेल, तर आधी ते पत्र बदलावे लागेल, आणि नाव कमी करण्यापूर्वी फोन करून काय अडचण आली ते विचारण्याचे काम कोणाच्या ड्युटीत बसवायचे तेही ठरवावे लागेल.