क्लच शिकणाऱ्याच्याच पायाखाली हवा

गिअरची गाडी शिकवण्याच्या आपल्याकडच्या पद्धतीत एक मोठी उणीव आहे, आणि माझी भाची गाडी शिकू लागल्यापासून ती मला तीव्रतेने जाणवते आहे. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ही दुहेरी व्यवस्था बंधनकारक आहे आणि सुरक्षिततेसाठी ती असलीच पाहिजे. मात्र मी पाहिले ते असे की, गाडी सुटताना, थांबताना किंवा चौकात अडकल्यावर क्लच शिकवणाराच दाबतो आणि सोडतो. शिकणारा स्टिअरिंग सांभाळतो आणि गाडी आपणच चालवत आहोत असे त्याला वाटत राहते. लायसन्स हाती आल्यावर भाचीने घरची गाडी फाटकाबाहेर काढायला घेतली, तर ती पुन्हा पुन्हा बंद पडू लागली. "मामा, क्लासच्या गाडीत असं कधीच होत नव्हतं," असे ती म्हणाली, तेव्हा सगळा उलगडा झाला.

गाडी बंद का पडते, हे तरी शिकणाऱ्याला आधी कळायला हवे. उभ्या गाडीतही इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असते आणि चाके मात्र स्थिर असतात. या दोघांची गाठ क्लच प्लेट घालून देते. पॅडल पूर्ण दाबले की प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीपासून, सुटते, हळूहळू सोडले की ती घासत घासत पकड घेते, आणि दोघांचा वेग जुळला की घासणे थांबते. पॅडल एकदम सोडले तर स्थिर चाकांचा सगळा भार क्षणार्धात इंजिनावर येतो आणि ते दबून बंद पडते. ही माहिती सांगायला पाच मिनिटे पुरतात, आणि तेवढीही कोणी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर आम्ही नागपुरातल्या बेसा परिसरातल्या एका रिकाम्या ले-आऊटमध्ये गेलो. सपाट रस्ता, पहिला गिअर, उजवा पाय ब्रेकजवळ तयार, आणि ॲक्सिलरेटरला अजिबात हात न लावता, म्हणजे पाय न लावता, केवळ क्लच सोडत गाडी हलवायची, एवढाच सराव. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजिनाचा वेग उतरू लागताच नियंत्रण यंत्रणा स्वतःच इंधन वाढवते, त्यामुळे सपाटीवर हे सहज जमते. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडी हलकेच थरथरते, आणि नेमकी त्याच जागी पावलाने थांबायचे असते. ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. ती डोळ्यांनी दिसत नाही आणि दुसऱ्याच्या पायाने तर कधीच सापडत नाही.

नागपूर सपाट असल्यामुळे दुसरी उणीव झाकली जाते, ती चढावरची. इथे एकही चढ न चढता माणूस गाडी शिकून मोकळा होऊ शकतो, आणि मग रामझुला पुलावर किंवा एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर रांग थांबली, मागची गाडी अगदी चिकटून उभी राहिली, की त्याची घाबरगुंडी उडते. यासाठी सकाळी लवकर, वर्दळ नसताना सेमिनरी हिल्सच्या चढावर जावे. हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर टाकावा, क्लच पकडीपर्यंत सोडावा, थोडा ॲक्सिलरेटर द्यावा, आणि बॉनेट किंचित उचलले गेले की मगच हँडब्रेक सोडावा. गाडी मागे जात नाही. थांबलेली गाडी चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, तोलून धरण्याची सवय मात्र लागू देऊ नये. त्यात प्लेट सतत घासून तापते आणि जळका वास येऊ लागतो. गाडी धरून ठेवणे हे ब्रेकचे काम आहे.

उताराचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे पावसाळ्यात चिखलदऱ्याला जातात, आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारे जाणते लोकही मी पाहिले आहेत. ही समजूत मुळातच चुकीची आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनाचा पुरवठा बहुधा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते. शिवाय गिअर काढला की इंजिनाचा रोध संपतो, सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि सतत दाबून तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरण्याचा हा धडा क्लासमध्ये तोंडी तरी मिळायलाच हवा.

आता ऑटोमॅटिक गाड्या आल्या, मग हा खटाटोप कशाला, असे अनेक जण विचारतात. ज्यांना तीच गाडी चालवायची आहे त्यांनी खुशाल चालवावी. परंतु आपल्याकडे हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स दोन्ही प्रकारांना चालते, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दारात उभी असलेली गाडी बहुधा गिअरचीच असते.

म्हणून या सुट्टीत मुलांना क्लास लावणाऱ्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की फी भरण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: पहिल्या आठवड्यानंतर शिकवणारा क्लचवरचा पाय काढून घेणार का, आणि मुलाला एकदा तरी चढावर नेणार का.