स्वस्त डीएसएलआरचे दोष खरे आहेत, पण सांगितले जातात ते नव्हेत

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : २०० मेगापिक्सेलच्या मोबाईलपुढे २४ मेगापिक्सेलचा प्राथमिक डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) म्हणजे पैशांची नासाडी, रात्रीचे फोटो मोबाईलच चांगले काढतो, मागची धूसरता मोबाईलही देतो, आणि डीएसएलआर बंद पडत चालल्याने उद्या त्याला लेन्ससुद्धा मिळणार नाही.

पहिला मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो लवकर निकालात निघतो. २०० मेगापिक्सेलचा मोबाईल एरवी १६ बिंदूंचा एक बिंदू करून सुमारे १२.५ मेगापिक्सेलचेच चित्र देतो. ए-४ आकाराच्या उत्तम छपाईला जेमतेम ९ मेगापिक्सेल पुरतात. खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या, क्षेत्रफळाचा आहे. कॅनन १५००डी या प्राथमिक डीएसएलआरचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ३३२ चौरस मिलिमीटरचा आहे, तर अशा मोबाईलचा साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो.

रात्रीच्या फोटोंचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स १८ मिलिमीटरवर फार तर एफ/३.५ इतकी उघडते, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र सुमारे ५ मिलिमीटरचे होते. मोबाईलचे साधारण ४ मिलिमीटरचे असते. त्यात मोबाईल क्षणार्धात अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो, त्यामुळे कपिलेश्वर मंदिराची स्थिर रोषणाई त्याच्यावर अधिक उजळ दिसली, तर त्यात नवल नाही. पण रथापुढे लेझीम खेळणाऱ्या मुलांचे हात दोन फ्रेममध्ये एका जागी राहत नाहीत, आणि तिथे ही जोडाजोड फसते. त्याच कॅमेऱ्याला ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स लावली तर छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे होते आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ठेवून १/२५० सेकंदात चित्र गोठवता येते. तेव्हा उणीव असेल तर ती सोबत मिळालेल्या लेन्सची आहे. अर्थात हीही लेन्स अडचणीची आहे, कारण या सेन्सरवर ती ८० मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे दृश्याचा अरुंद भागच टिपते, आणि आपल्या गल्ल्यांत, त्यातही मिरवणुकीच्या गर्दीत, मागे सरकायला जागाच नसते.

धूसरतेबाबत एवढेच म्हणता येईल की मोबाईल ती बहुतांशी गणिताने अंदाज बांधून तयार करतो. फेट्याचा तुरा किंवा नवरीच्या मुंडावळ्या पाहा. कडा कुरतडलेल्या दिसतात.

डीएसएलआर बंद पडत असल्याचे म्हणणे दिशेपुरते बरोबर आहे. निकॉनने डी३५०० या आपल्या प्राथमिक डीएसएलआरचे उत्पादन थांबवले आहे. मात्र लेन्स बसवण्याची कॅननची ईएफ जोडणी १९८७ पासूनची आणि निकॉनची एफ जोडणी १९५९ पासूनची असल्याने जुन्या लेन्सचा साठा मोठा आहे. सावधगिरी एवढीच की डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे निकॉनच्या कित्येक जुन्या लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात.

आता त्या मजकुराने न सांगितलेले दोष. १५००डी मध्ये फोकसचे फक्त ९ बिंदू आहेत आणि तो सेकंदाला ३ चित्रेच घेतो, त्यामुळे कुस्तीच्या मैदानात डाव लागण्याचा नेमका क्षण बऱ्याचदा निसटतो. बाहेरचा माईक जोडायला जागा नाही, म्हणून भाषण किंवा भजनाचे चित्रीकरण करणाऱ्याने हा कॅमेरा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खानापूरच्या जंगलात पक्षी टिपायचे असतील तर ५५ मिलिमीटर पुरत नाहीत. किमान २५० पर्यंतची लेन्स लागते आणि खर्च तिथे वाढतो.

सर्वांत दुर्लक्षित दोष पावसाचा आहे. या वर्गातील कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण नसते, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात बंद पिशवीत ठेवलेल्या लेन्सवर बुरशी चढते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढा उपाय पुरतो. जुना कॅमेरा घेणाऱ्याने मात्र शटर किती वेळा पडले आहे हे विचारण्याआधी लेन्स उजेडासमोर धरून आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, हे पाहावे.