तेलानंतरच्या आयुष्याची तयारी, खुर्चीतून न उठता

स्वस्त तेलाचे दिवस सरल्यावर आपले कसे होणार, या प्रश्नाची दोन तयार उत्तरे मिळतात. एक, ‘काही होत नाही, शास्त्रज्ञ काहीतरी काढतील.’ दुसरे, ‘सगळे खलास, आता देवच तारील.’ दोन्ही उत्तम आहेत, कारण कोणतेही दिले तरी त्यानंतर जागचे हलावे लागत नाही. तेव्हा आधी पक्ष निवडा. सकाळी पेपर वाचताना निराशावादी आणि संध्याकाळी नव्या गाडीचे बुकिंग करताना आशावादी, असेही पुष्कळ जण सुखाने जगतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

पक्ष ठरला की वर्षे पाठ करा. निराशावाद्याने १९७० धरावे. अमेरिकी भूशास्त्रज्ञ हबर्ट यांनी १९५६ मध्येच सांगून ठेवले होते की अमेरिकेचे तेल-उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि मग उतरेल. १९७० ला तसेच झाले. आशावाद्याने २०१८ धरावे, कारण शेल खडक फोडून तेल काढायची रीत बसल्यावर त्या वर्षी जुना उच्चांक मोडला गेला. शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून अधिक आटते आणि शेजारी दुसरी खोदत राहावे लागते, हे मात्र त्याने बोलू नये. भावांचेही तसेच. जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलर पडत होते, ही निराशावाद्याची तारीख. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला, म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घेऊन जा, ही आशावाद्याची. वादात ज्याने आपले वर्ष आधी उच्चारले तो जिंकला. मुंबई हायचा विषय निघाल्यास दोघांनीही जपून बोलावे. तिथे १९७४ मध्ये तेल लागले, १९८० च्या दशकात उत्पादनाने शिखर गाठले, आणि आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते.

तेल ‘संपणार’ कधी, याची तारीख मागणारे भेटतील. ती द्यावी, लोकांना बरे वाटते. प्रत्यक्षात शेवटचा थेंब कोणीच काढणार नाही. काढण्याचा खर्च मिळकतीपेक्षा जड झाला की पंप बंद होतो आणि अर्ध्याहून जास्त तेल खडकातच राहते. म्हणजे पंपावर ‘आजपासून बंद’ अशी पाटी लागण्याऐवजी भाव वर जाणार, खाली येणार, पुन्हा थोडा आणखी वर जाणार, आणि आपण दर वेळी सरकारला शिव्या देणार. पण असे सांगितले तर वाट पाहायला दिवसच उरत नाही आणि मग लोक आजच काहीतरी करायला लागतात. हे टाळा.

आशावाद्याने गुणाकार टाळावा. विशेषतः इथेनॉलचा. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. एकरी ४० टन उतारा धरला तर २,८०० लिटर. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा, म्हणजे हे झाले साधारण १,८५० लिटर पेट्रोल. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणारी, लिटरला १५ देणारी मोटार वर्षाला ८०० लिटर पिते. सबब एका एकरावर दोन मोटारी आणि एखादी स्कूटर. त्या एकराला ८० लाख लिटर पाणी लागले, शिवाय युरिया, ट्रॅक्टर आणि कारखान्यापर्यंत ट्रकचे डिझेल लागले, हा हिशेब साखर आयुक्तांवर सोपवावा आणि आपण गाडीच्या टाकीवरचे ‘ई-२०’, म्हणजे पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, कौतुकाने वाचावे.

ऊस जमला नाही तर दुसरे झाड असतेच. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, राष्ट्रीय मोहीम सुचवली आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. पडीक जमिनीवर येते, पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. फक्त पडीक जमिनीवर पाण्यावाचून बी धरत नाही, एवढे राहून गेले होते. खऱ्या आशावाद्याने यातून एवढाच धडा घ्यावा की झाड बदलावे. सध्या बांबूचे दिवस आहेत.

छतावर सौर पॅनेल जरूर बसवा. तीन किलोवॉटला ३०० चौरस फूट जागा आणि दिवसाला सरासरी १२ युनिट; यात खोट काही नाही. खोट नंतर कळते. बिनबॅटरीची साधी यंत्रणा महावितरणच्या तारेवर बेतलेली असते. तार मेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. म्हणजे भर दुपारी, लख्ख उन्हात, लाइट गेली की पॅनेलवाल्याचा पंखा शेजाऱ्याच्या पंख्याबरोबरच थांबतो. हे विक्रेत्याला आधी विचारू नये. उत्साह मावळतो.

आता निराशावाद्यांकडे वळू. त्यांची तयारी जास्त देखणी असते, म्हणून इथे जरा रेंगाळायला हरकत नाही.

प्रथम भोर किंवा मुळशीकडे दोन एकर घ्या. दर शनिवारी तिकडे डिझेलच्या मोठ्या गाडीने जा आणि जाता-येता ‘गड्या आपुला गाव बरा’ असे म्हणत राहा. मग बैल. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. इंजिनातून त्यातली ३ युनिट कामाला येते. दिवसभर खपणारा गडी अर्धा-पाऊण युनिट काम करतो. म्हणजे शंभराच्या आतबाहेर मिळणाऱ्या एका लिटरात पाच गड्यांची दिवसभराची मेहनत. स्वस्त तेल म्हणतात ते याला, आणि पंपावर महागाईवर बोलताना हे आठवू नये. बैलजोडी ताशी पाऊण युनिटाच्या आसपास ओढते, तीही उन्हाच्या आधी पाच-सहा तास. ट्रॅक्टर जे एकर दीड तासात नांगरतो त्याला जोडीला दोन दिवस लागतात. तुम्हाला घाई कुठे आहे?

अडचण वेगळीच आहे. ट्रॅक्टर उभा असताना खात नाही. जोडी वर्षातून फार तर शंभर दिवस जोताला लागते आणि ३६५ दिवस खाते: रोज १२ ते १५ किलो कडबा, म्हणजे वर्षाला पाच टन. कोरडवाहू ज्वारीचा एकरी कडबा दीड-दोन टन. सबब तुमच्या दोन एकरांत बैलांचेही भागत नाही. आणखी एक एकर त्यांच्यासाठी घ्यावे आणि स्वतःसाठी किराणा शहरातून न्यावा. गोऱ्हा तीन वर्षांचा झाल्याशिवाय जुवाला लावता येत नाही, म्हणजे संकट तीन वर्षे आधी कळवून यायला हवे. जू नीट बेतलेले नसेल तर खांदेसूज येते आणि ऐन पेरणीत जोडी पंधरा दिवस बसून राहते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकायचे असतात एवढे ठाऊक असेल, तर ते वर्षभर कशाने सुजले हेही विचारून ठेवावे. बैलाच्या खुरांना पत्री, म्हणजे नाल, मारणारा, फाळ शेवटून, म्हणजे पुन्हा टोकदार करून, देणारा, जू-शिवळा घडवणारा सुतार ही माणसे तालुक्यात उरली आहेत का, याची चौकशी मात्र करू नये. बातमी वाईट निघाल्यास निराशावाद खरा ठरतो, आणि खरा ठरलेला निराशावाद फार कामाला लावतो.

खताचे सोपे आहे, रासायनिक वापरायचेच नाही. ४५ किलोची युरियाची गोणी बनवायला नैसर्गिक वायूतून जी ऊर्जा जाते ती जवळपास ३० लिटर डिझेलएवढी भरते. गोणीत सुमारे २० किलो नत्र असते. तेवढे शेणखतातून द्यायचे तर चार टन खत टाकावे लागते, आणि एका जोडीचे वर्षभराचे शेण कुजून साधारण तेवढेच होते. म्हणजे एक जोडी बरोबर एक गोणी. हा हिशेब सेंद्रिय शेतीच्या शिबिरात जेवणाआधी मांडू नये.

याच शेणावर गोबरगॅसही चालवता येतो आणि चांगला चालतो, कारण गॅस निघून गेल्यावरही नत्र राबडीत, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पातळ शेणात, शिल्लक राहते. दोन घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला रोज ५० किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते. जोडीचे शेण भरते २० किलो. तेव्हा आणखी तीन जनावरे घ्या; कडब्याची सोय वर सांगितलीच आहे. मग चार-पाच माणसांचे दोन्ही वेळचे जेवण निघते, आणि १४.२ किलोच्या सिलिंडरएवढे काम हे संयंत्र सोळा-सतरा दिवसांत करते. बिघाडाच्या जागा ठरलेल्या. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो दोन-तीनदा सोडून द्यायचा असतो. पण निराशावाद्याने पहिल्याच काडीला ‘मी म्हणालोच होतो’ असे जाहीर करावे. शेणात काडीकचरा गेला की वर साय धरते आणि गॅस अडतो. जानेवारीत गारठ्याने जिवाणू मंदावतात आणि चूल अर्ध्यावर येते. ज्योत फुरफुरू लागली तर नळीत पाणी साचलेले असते. तोटी उघडून ते काढले की झाले. गोठा फिनेलने धुऊन ते पाणी टाकीत सोडले तर मात्र सगळे जिवाणू मरतात आणि पुन्हा महिनाभर थांबावे लागते. या सगळ्याला रोज अर्धा तास आणि शेणात हात घालायची तयारी लागते. बहुतेक संयंत्रे एवढ्याच कारणाने बंद पडलेली दिसतील.

गाडी सोडवत नसेल तर तिला लाकडावर चालवा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा आपल्याकडेही मोटारींना कोळशाचे गॅस-यंत्र जोडत. लिटरभर पेट्रोलच्या जागी तीन किलो सुके लाकूड धरा. मुंबई-पुण्याला ३० किलो. लाकूड ओले असेल तर डांबर सुटते आणि व्हॉल्व्ह चिकटतात. पेटवून गाडी निघेपर्यंत पंधरा मिनिटे जातात. ताकद निम्म्यावर येते, म्हणून बोरघाटात प्रवाशांनी उतरून चालावे. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये यंत्र पेटवणाऱ्याचा निराशावाद त्याच दिवशी फळाला येतो. हा विनोद नाही, यंत्र उघड्यावरच पेटवा.

कुणी क्यूबाचे उदाहरण देईल. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथले स्वस्त तेल आटले. आशावाद्याने हवानातल्या भाजीच्या वाफ्यांविषयी बोलावे. निराशावाद्याने लोकांची उतरलेली वजने आणि पोषणाअभावी डोळे व मज्जातंतू बिघडलेले ५० हजारांहून अधिक रुग्ण सांगावेत. दोघांचेही खरे आहे. चीनमधून मागवलेल्या दहा लाखांहून अधिक सायकली दोघांच्याही भाषणात बसत नाहीत. मोटारीवाचूनचे गाव जवळून पाहायचे असेल तर माथेरान आहेच. दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी जाते, पार्किंगसाठी लवकर निघावे.

दोन्ही पक्षांना खरा त्रास तिसऱ्याच माणसाचा. तो विचारतो, ‘महिन्याला किती लिटर? त्यातल्या किती फेऱ्या पाच किलोमीटरच्या आतल्या?’ टायरची हवा पंधरवड्याने तपासतो. डाळ आधी भिजवतो, एक उकळी देऊन भांडे गोधडीत गुंडाळतो आणि तासाभराने शिजलेली काढतो. लग्नात अशा माणसाशेजारी बसू नये. तो सोसायटीत राहत असेल तर प्रकरण गंभीर आहे. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी १० किलोवॉटचे पॅनेल, हजार चौरस फूट गच्ची, दिवसाला ४० युनिट, असा कागद घेऊन तो कधीतरी येणारच.

त्याला नाही म्हणू नये. उपसमिती नेमून त्यालाच निमंत्रक करावे. तीन कोटेशन आणायला सांगावे; आणली की जीएसटीसकट पुन्हा मागवावीत. वरच्या मजल्यावरच्या गळतीचा मुद्दा कुणीतरी काढेलच, तो वॉटरप्रूफिंगशी जोडून द्यावा. एवढे करूनही विषय वार्षिक सभेपर्यंत पोचला, तर विषयपत्रिकेवर तो पार्किंगच्या विषयाच्या खाली ठेवावा.