लाल डब्याचे मानकरी

ओहायोतल्या आमच्या गावच्या छोट्याशा रेल्वे संग्रहालयात मी शनिवारी फुकट राबतो. "तू इंडियाचा ना? मग तुला रेल्वे कळत असणार!" एवढ्या मुलाखतीवर माझी नेमणूक झाली. सिंहगड एक्स्प्रेसच्या दारात लोंबकळत पुणे-मुंबई करणं, हा माझा रेल्वेतला एकूण अनुभव. तो मी मोघमच ठेवला.

कामगिरी होती एका जुन्या कबूसची. कबूस म्हणजे मालगाडीच्या शेवटी लागणारा, आपल्या गार्डाच्या डब्याचा सुखवस्तू अमेरिकन चुलतभाऊ. आत कोळशाची शेगडी, निजायला बाकडी आणि छपरावर खिडक्यांची घुमटी. तिच्यात बसून पुढच्या एखाद्या डब्याचं बेअरिंग तापून धूर येतोय का, ते बघायचं. १९८० च्या दशकात शेवटच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, एक लुकलुकणारं यंत्र आलं आणि ही सगळी मंडळी सामानासकट घरी गेली.

डबा शेतातून हलवायचा होता. तेव्हा कळलं की तो चाकांना घट्ट आवळलेला नसतोच. समितीच्या अध्यक्षासारखा निव्वळ वजनावर बसलेला असतो. क्रेनने उचलला, चाकं वेगळ्या ट्रेलरवर, डबा वेगळ्या. साडेआठ फुटांपेक्षा रुंद माल म्हणून परवाना काढला, पुढे पिवळ्या दिव्याची गाडी, आणि मागे आमचे सगळे निवृत्त आजोबा आपापल्या गाड्यांतून. अगदी वरात! घोडा तेवढा नव्हता.

शेगडीच्या वरच्या कडेला लोखंडी कठडा आहे. त्याचं कारण एकेकाळी मालगाडीवर ब्रेक सांभाळणाऱ्या आमच्या ब्रेकमनकाकांनी सांगितलं. गाडी वेग बदलते तेव्हा शंभरेक कपलिंगांमधली ढिलाई एकापाठोपाठ एक येऊन शेवटच्या डब्यावर आदळते, आणि कॉफीची किटली उडते. "किटलीला कठडा होता, मला नव्हता," म्हणत त्यांनी पुढचा नकली दात दाखवला.

गंज काढून झाला. जुन्या रंगात शिसं, म्हणून पांढरे अंगरखे नि मास्क घालून आम्ही तो खरवडला. खाली लालचेच थर निघाले, एक विटकरी, एक भडक. आणि खरा तंटा पेटला! ब्रेकमनकाकांना विटकरीच हवा. समोरच्या पार्टीकडे भडक लालचा फोटो, तोही कृष्णधवल.

शेवटी तोडगा निघाला. उत्तरेची बाजू विटकरी, दक्षिणेची भडक. दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसतात?

आता टोकांच्या भिंतींवरून सुरू झालंय.