शांत दिवशी काय मोजणार?

माझ्या आधीच्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मूठभर लोकांच्या रक्तचाचणीवरून मी ‘मनावरचा आघात जनुकांतून पुढच्या पिढीत उतरतो हे सिद्ध झालंय’ असं ठोकून दिलं, आणि आजोबांच्या दुःखाचं माप नातवाकडून घेणं ही मुळातच भोंदूगिरी, असं तुमचं म्हणणं.

पहिलं मान्य. संशोधक रेचल येहूदा यांच्या २०१६च्या अभ्यासात होलोकॉस्टमधून (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून) वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं होती. तुलनेसाठीचे पालक अवघे ८, मुलं ९. वर ज्या जनुकावर मेथिलेशनची खूण (जनुकाचं काम कमी-जास्त करू शकणारा रासायनिक बदल) तपासली, तिथे ती तुलनेच्या गटापेक्षा पालकांत जास्त आणि मुलांत कमी, म्हणजे उलटीच निघाली. ‘सिद्ध’ हा शब्द माझा, अभ्यासाचा नव्हे. मागे घेतो.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार. आधी तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा मीच देतो (तुम्ही तो दिला नाहीत याचं नवल वाटलं). २००३मध्ये ३२ नमुन्यांतल्या ४,४१८ लोकांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. उपचारांसाठी न आलेल्या, चारचौघांसारख्या लोकांचे नीट आखलेले अभ्यास घेतले, तर वाचलेल्यांची मुलं इतरांपेक्षा खचलेली दिसली नाहीत.

पण १९८२च्या लेबनॉन युद्धातले इस्रायली सैनिक बघा. लढताना मनाने कोसळलेल्यांपैकी ज्यांचे आईवडील होलोकॉस्टमधून वाचलेले होते, ते दोन-तीन वर्षांनंतरही इतरांपेक्षा जास्त संख्येने त्यातून सावरलेले नव्हते. एरवी काही दिसत नाही. नवा घाव बसला की भरून यायला वेळ लागतो. शांत दिवशी प्रश्नावली भरून घेतली तर हे हाती कसं लागेल?

आणि नातवाकडून आजोबांचं दुःख कुणी मोजतही नाही. संशोधक व्हिटबेक आणि सहकाऱ्यांची २००४ची मोजपट्टी (प्रश्नावली) अमेरिकेतल्या आदिवासींसाठी आहे. गेलेली जमीन, गेलेली भाषा, मोडलेले करार अशा १२ गोष्टींबद्दल ती इतकंच विचारते, की हे तुमच्या मनात किती वेळा येतं? कधीच नाही, की दिवसातून अनेकदा? हे दुःख नातवाचं स्वतःचं असतं.

‘हे दुःख आजच्या गरिबीचा आणि भेदभावाचा परिणाम नाही कशावरून?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न मात्र खरा अवघड. एकदाच भरून घेतलेल्या उत्तरांतून ते वेगळं काढता येत नाही. त्यासाठी एकाच घरातल्या आजी, आई आणि नात यांना वेगवेगळं बसवून वर्षानुवर्षं विचारत राहावं लागेल, आणि तोवर आजी हयात असायला हवी.