कानवाला लॅपटॉप

ऐरोलीच्या आयटी कंपनीत परक्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात मुलीचा लॅपटॉप उघडता येऊ नये, ही बातमी नौपाड्यात फार काळ लपून राहिली नाही.

लॅपटॉप सईच्या मामाने अमेरिकेहून पाठवलेला. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'वाल्यांनी २००७च्या नोव्हेंबरात तिकडे योजना काढली होती: ३९९ डॉलर भरा, एक लॅपटॉप गरीब देशातल्या मुलाला, एक तुम्हाला. सासरे बँकेतून रिटायर झालेले. "त्यांचा तो म्होरक्या निग्रोपॉन्टे २००५ पासून १०० डॉलरचा लॅपटॉप म्हणत होता ना? मग दोनाचे २००. वरचे १९९ कुठल्या खात्यात टाकले?" एवढं विचारून ते तलावपाळीला फिरायला गेले. तो हिशेब अजून मिटलेला नाही.

यंत्र पांढरं-हिरवं, उचलायला मूठ, वर दोन हिरवे कान. अहोंनी कडा चाचपल्या, नखं लावली, मग भाजीची सुरी मागितली. मी दिली नाही. तेवढ्यात सईने दोन्ही कान वर फिरवले आणि झाकण सुटलं. ते कान म्हणजे वायफायचे अँटेना, आणि झाकणाची कडीही तीच. किबोर्ड एकसंध रबराचा, पोरांच्या बोटांच्या मापाचा. अहोंचं एक बोट दोन-दोन कळा दाबायचं. वरण सांडलं तरी तो बिघडत नाही, हे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात सिद्ध झालं.

खरा घोळ जर्नलचा. यात 'सेव्ह' नावाची भानगडच नाही. मूल जे करेल ते आपोआप जमा होतं. त्यात कॅमेरा आणि माईक. सोफ्यावर घोरणारे अहो जमा झाले, गॅस एजन्सीशी भांडणारी मी जमा झाले. आणि सासूबाई फोनवर आपल्या धाकट्या जावेबद्दल जे बोलल्या, तेही जमा झालं. सईने ते नेमकं हळदीकुंकवाला लावलं. त्यांच्या त्या जाऊबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, वाण घेतलं आणि चहा न घेता गेल्या.

पण सईचं दुःख निराळंच. त्यात एक पडदा असा, की जवळपासचे असले सगळे लॅपटॉप रंगीत माणसं होऊन दिसतात. इंटरनेट नसलं तरी ते आपापसांत जोडले जातात. सईचा माणूस मधोमध, एकटाच. अंतर मोजायचा एक खेळ होता: एक लॅपटॉप आवाज काढणार, दुसरा ऐकणार, मधे लागलेल्या वेळावरून अंतर. तिने अहोंचा ऑफिसचा लॅपटॉप समोर मांडला. तो ढिम्म.

अशात आजोबांनी पेपरातलं वाचून दाखवलं, की कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत पोरांना हेच लॅपटॉप दिलेत. "केंद्राच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच नको म्हटलं होतं," असंही ते पुढे म्हणाले, पण ते कोण ऐकतंय! सईने दप्तरातली पुस्तकं काढून लॅपटॉप भरला, वर खाऊचा डबा.

"ठाण्याहून कर्जत लोकल थेट जाते ना, बाबा?"

"रविवारी मेगाब्लॉक असतो," अहो पेपराआडून म्हणाले.

"रविवारी त्यांची शाळा कुठे असते? सोमवारी जाऊ. तू रजा टाक."